उठबस मोजायला कुणी शिकवलं? ज्येष्ठांच्या पायांच्या चाचण्यांचा इतिहास आणि आपला मराठवाडा



पेटच्या मुलाखतीत किंवा आरआरसीसमोर आराखडा मांडताना एक प्रश्न हमखास येतो: "हीच चाचणी का निवडली?" आणि बहुतेकांचं उत्तरही ठरलेलं असतं, "सर, ती प्रमाणित आहे." उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. चाचणी कुणावर प्रमाणित झाली, कुठे झाली आणि कोणत्या कामासाठी झाली, हे सांगता आलं तर उरलेलं अर्धं पूर्ण होतं. त्यासाठी चाचणीचा इतिहास माहीत असावा लागतो.

आज आपण ज्येष्ठांच्या पायांची ताकद आणि चालणं-फिरणं मोजणाऱ्या चाचण्यांचा इतिहास बघूया. शारीरिक शिक्षण, फिजिओथेरपी, समाजकार्य, गृहविज्ञान, लोकसंख्याशास्त्र अशा बऱ्याच विषयांत या चाचण्या वापरतात. नांदेड-लातूरकडे या विषयावर काम करायचं मनात असेल तर हा लेख शेवटपर्यंत वाचा, कारण खरी अडचण शेवटच्या भागात आहे.

आपल्याकडची जुनी मोजपट्टी

घड्याळ आणि फॉर्म येण्याआधीही माणसं हे मोजतच होती. "हातीपायी धड आहे", "अजून काठी लागली नाही", "जमिनीला हात टेकल्याशिवाय उठवत नाही आता", ही सगळी मोजमापंच आहेत. म्हातारी माणसं देवाकडे मागतात तेही नीट ऐका: "हातपाय चालतायत तोवर ने रे बाबा." किती वर्षं जगायचं यापेक्षा पाय किती दिवस साथ देतील याची त्यांना जास्त काळजी असते. संशोधनात याला आज 'कार्यक्षमता' म्हणतात.

वैद्यकशास्त्रातसुद्धा सुरुवात जमिनीपासूनच झाली. लंडनचे विल्यम गॉवर्स यांनी १८७९ मध्ये स्नायूंच्या एका आजाराचं वर्णन केलं. हा आजार असलेली मुलं जमिनीवरून उठताना आधी गुडघ्यावर हात ठेवतात आणि मग स्वतःच्याच मांड्यांवरून हात वर सरकवत उभी राहतात. या खुणेला आजही 'गॉवर्सची खूण' म्हणतात. गॉवर्स लहान मुलांबद्दल लिहीत होते, पण गुडघ्यावर हात दाबून उठणं आपल्याला घराघरात दिसतं. कंबर आणि मांडीचे स्नायू कमी पडले की शरीर हाताची मदत घेतं, एवढं साधं तत्त्व यामागे आहे.

खाटेवरच्या माणसांकडे कुणी बघितलं?

पुढचं पान १९३५ चं. इंग्लंडमध्ये वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलला शेजारचा गरीबखान्याचा दवाखाना जोडला गेला आणि तिथल्या रुग्णांची जबाबदारी डॉ. मार्जरी वॉरन यांच्याकडे आली. तिथे शेकडो वृद्ध वर्षानुवर्षं खाटेवर पडून होते. हे असेच राहणार, हे गृहीत धरलेलं होतं. वॉरन यांनी एकेकाची तपासणी केली. कुणाला काय येतं, कुणाला थोड्या सरावानं उभं करता येईल, कुणाला खरोखरच कायमची शुश्रूषा लागेल, अशी वर्गवारी केली. त्यातले बरेच जण चालायला लागले, काही घरी गेले. १९४३ आणि १९४६ मध्ये त्यांनी यावर लेख लिहिले आणि वृद्धवैद्यक या शाखेचा पाया तिथे घातला गेला.

या कथेतून संशोधकानं काय घ्यायचं? तपासणी झाली नव्हती म्हणून ती माणसं पडून होती. वय झालं की असं होणारच, हे वाक्य उच्चारलं की मोजणं थांबतं, आणि मोजणं थांबलं की उपायही थांबतो. आपल्याकडे आजही गुडघे धरले की "वयोमानानं होतं" असं म्हणून विषय मिटवतात. म्हणून हा विषय घेणाऱ्याच्या हातात एक छोटा अहवालच नसतो, एखाद्या माणसाचं पुढचं चालणंही त्यावर अवलंबून असू शकतं.

विचारून मोजण्याचा काळ

१९६० च्या दशकात दोन प्रसिद्ध साधनं आली. अमेरिकेत क्लीव्हलँड इथे सिडनी कॅट्झ आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये रोजच्या सहा कामांचा निर्देशांक प्रसिद्ध केला: अंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, खाटेवरून उठून दुसरीकडे बसणं, मलमूत्रावर ताबा आणि जेवणं. १९६५ मध्ये फ्लॉरेन्स माहोनी आणि फिजिओथेरपिस्ट डोरोथिया बार्थेल यांचा निर्देशांक आला. यात दहा कामं आणि एकूण १०० गुण. सपाट जागेवर चालण्याला १५ गुण आणि जिना चढण्याला १०.

ही साधनं आजही वापरात आहेत. पण त्यांची मर्यादा समजून घ्या. माणूस बराच खालावला की मगच गुण कमी होतात. अंघोळ, कपडे, जेवण स्वतः करणाऱ्या सगळ्यांना जवळपास पूर्ण गुण मिळतात. समजा, तुम्ही गावातल्या १०० ज्येष्ठांवर बार्थेल वापरला आणि ९० जणांना ९५ च्या वर गुण पडले. आता त्या ९० जणांमधला फरक कसा दाखवणार? याला छताचा परिणाम म्हणतात, म्हणजे पट्टी वरच्या टोकाला संपते. दवाखान्यातल्या रुग्णांसाठी बनवलेली पट्टी गावात हिंडत्या-फिरत्या माणसांवर लावली की हे हमखास होतं.

घड्याळ आलं

१९८० च्या दशकात विचारण्याऐवजी करून बघण्याकडे कल वळला. १९८५ मध्ये चुका आणि मॅकार्टी यांनी साध्या खुर्चीवरून दहा वेळा उठायला लागणारा वेळ मोजून पायांच्या ताकदीचा अंदाज घेतला. १९८६ मध्ये मॅथायस, नायक आणि आयझॅक्स यांनी 'उठा आणि चाला' चाचणी मांडली. रुग्णानं खुर्चीवरून उठायचं, थोडं चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. बघणाऱ्यानं १ ते ५ गुण द्यायचे. अडचण अशी की एकाला जे 'थोडं डळमळीत' वाटतं ते दुसऱ्याला 'ठीक' वाटतं.

मग १९९१ मध्ये कॅनडातल्या पॉडसियाडलो आणि रिचर्डसन यांनी याच चाचणीला घड्याळ जोडलं. हातांची खुर्ची, ३ मीटर अंतर, वळण, परत बसणं आणि एकूण सेकंद. दिवसभराच्या दवाखान्यात येणाऱ्या ६० वृद्धांवर हे काम झालं. २० सेकंदांच्या आत करणारे बहुतांशी स्वतःचं स्वतः उठू-बसू शकत होते, ३० च्या वर जाणाऱ्यांना बऱ्याच कामांत मदत लागत होती. 'टाइम्ड अप अँड गो', म्हणजेच टग, ती हीच. बघा, निकाल लावणारा माणूस बदलला तरी सेकंद फारसे बदलत नाहीत. प्रबंधात आपण 'विश्वसनीयता' म्हणतो ती हीच गोष्ट.

१९९४: भविष्य सांगणारे पाय

ज्या १९९४ साली आपल्याकडे नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं, त्याच वर्षी जॅक गुरालनिक आणि सहकाऱ्यांचा एक लेख आला. अमेरिकेतल्या ७१ वर्षांवरच्या पाच हजारांहून अधिक लोकांच्या तीन गोष्टी त्यांनी मोजल्या: पाय वेगवेगळ्या स्थितीत ठेवून तोल सांभाळणं, छोटं अंतर चालणं आणि हात छातीवर बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठणं. प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण १२. एसपीपीबी म्हणून तुम्ही वाचता ती ही चाचणी.

यात दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, मूळ चाचणीत चालण्याचं अंतर फक्त ८ फूट होतं, कारण मोजणी लोकांच्या घरात जाऊन करायची होती. चाचणी माणसाच्या घरात मावली पाहिजे, हा विचार आधी झाला. दुसरी गोष्ट १९९५ च्या लेखातली. सुरुवातीला कुठलंही अपंगत्व नसलेले ११२२ लोक घेतले आणि चार वर्षांनी पुन्हा पाहिलं. ज्यांचे गुण कमी होते त्यांच्यात अपंगत्व येण्याचं प्रमाण जास्त गुणवाल्यांच्या चौपटीहून अधिक होतं. म्हणजे माणूस "मला काही त्रास नाही" म्हणत असतो, तेव्हाही पाय पुढची बातमी देत असतात.

२०११ मध्ये स्टुडेन्स्की आणि सहकाऱ्यांनी नऊ अभ्यासांतल्या ३४,४८५ ज्येष्ठांची माहिती एकत्र केली आणि चालण्याचा वेग व पुढचं आयुर्मान यांचा स्पष्ट संबंध दाखवला. ४ मीटर चालायला ५ सेकंद लागले तर वेग ०.८ मीटर प्रतिसेकंद होतो. एवढा हिशेब तोंडी यायलाच पाहिजे, मुलाखतीत विचारतात.

पण पाच वेळा उठण्याच्या चाचणीत एक गोची होती. ज्यांना पाच वेळा उठताच येत नाही त्यांचे सेकंद लिहायचे कसे? १९९९ मध्ये जोन्स, रिकली आणि बीम यांनी प्रश्न उलटा केला: ३० सेकंदांत किती वेळा उठता? आता ३ वेळा उठणाऱ्यालाही आकडा मिळतो, न उठणाऱ्यालाही शून्य हा आकडा मिळतो. वर छताचा परिणाम पाहिला, ही त्याच्या उलट बाजू, तळाच्या परिणामाची. चाचणीच्या इतिहासात पुढचा टप्पा बहुतेक वेळा असाच, आधीच्या चाचणीत कोण गळत होतं हे शोधून आलेला असतो.

आता महाराष्ट्रात येऊ

इथपर्यंत सगळीकडे खुर्ची होती. आता भिगवणला या. पुणे-सोलापूर रस्त्यावरचं हे गाव. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये इथे घरोघरी जाऊन सांधेदुखीचं सर्वेक्षण सुरू केलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकारातल्या 'कॉपकॉर्ड' कार्यक्रमाचा हा भाग होता. चार हजारांहून जास्त प्रौढांना विचारलं गेलं आणि सुमारे १८ टक्के लोकांना सांधे-स्नायूंचा त्रास आढळला. दवाखान्यात येतील तेवढेच रुग्ण मोजायचे, ही सवय या अभ्यासानं मोडली.

याच पुण्याच्या गटानं पुढे परदेशी प्रश्नावल्या आपल्या जगण्याला जुळवून घेतल्या. पाश्चात्त्य प्रश्नावलीत बाथटबमध्ये उतरता येतं का, असा प्रश्न असतो. आपल्या शेतकऱ्याला त्याचं काय? त्याला विचारायला हवं, मांडी घालून बसता येतं का, उकिडवं बसता येतं का.

हाच विचार जयपूर फूटमागे होता. १९६८ च्या सुमारास डॉ. पी. के. सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी असा कृत्रिम पाय घडवला की जो घालून माणूस अनवाणी चालेल, उकिडवा बसेल, शेतात उतरेल. 'पाय काम करतो' म्हणजे नेमकं काय, याची व्याख्याच त्यांनी आपल्या मातीतून केली.

देशपातळीवरचा मोठा प्रयत्न म्हणजे २०१७-१८ चा 'लासी' अभ्यास. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं तो समन्वयित केला. ४५ वर्षांवरचे ७२ हजारांहून अधिक लोक, त्यांत साठीपुढचे ३१ हजारांवर. चालण्याचा वेग, तोल आणि हाताच्या पकडीची ताकद प्रत्यक्ष मोजली गेली. तुलनेसाठी आकडे हवे असतील तर आधी इथे बघा. २०११ च्या जनगणनेत भारतात साठीपुढचे १० कोटी ३८ लाख लोक होते, तेव्हा प्रश्न किती मोठा आहे हे वेगळं सांगायला नको.

नांदेड-लातूरला पट्टी लावताना

आता मूळ अडचण. ३० सेकंदांच्या चाचणीतली खुर्ची सुमारे ४३ सेंटिमीटर उंचीची. आमच्याकडच्या कित्येक आज्या दिवसभरात खुर्चीवर बसतच नाहीत. त्यांचं बसणं ओसरीवर, पाटावर, चुलीपुढे, नाहीतर बाजेवर. खुर्चीवरून १२ वेळा उठणारी आजी जमिनीवरून एकदाही आधाराशिवाय उठू शकत नाही, असं होऊ शकतं. जमिनीवरून उठायला गुडघा आणि घोटा जास्त वाकवावा लागतो, ताकदही जास्त लागते. खुर्चीच्या चाचणीत ती 'उत्तम' ठरेल. पण तिनं पंगतीत बसणं सोडलेलं असेल, कीर्तनाला जाणं बंद केलेलं असेल, आणि शौचालय भारतीय पद्धतीचं म्हणून पाणी पिणंही कमी केलेलं असेल. तुमच्या तक्त्यात यातलं काहीच दिसणार नाही.

मग जमिनीची चाचणी आहे का? आहे. ब्राझीलच्या क्लॉडिओ अराउजो यांच्या गटानं २०१२ मध्ये ५१ ते ८० वयाच्या २००२ लोकांवरचा अभ्यास दिला. जमिनीवर बसण्याला ५ गुण, उठण्याला ५. हात, गुडघा टेकला की प्रत्येक वेळी एक गुण कमी, तोल गेला तर अर्धा. कमी गुणवाल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. पण तिथल्या लोकांना रोज जमिनीवर बसण्याची सवय नव्हती, आपल्याकडे जन्मापासून असते. त्यामुळे तिथले निकष जसेच्या तसे इथे लावू नका.

दुसरी अडचण वयाची. ३० सेकंदांच्या चाचणीचे निकष पाच-पाच वर्षांच्या गटांत आहेत. ६० ते ६४ वयाच्या बाईला १२ पेक्षा कमी म्हणजे सरासरीखाली, तर ८५ ते ८९ ला ८ पेक्षा कमी. आमच्याकडच्या अनेक ज्येष्ठांच्या आधार कार्डावरची जन्मतारीख १ जानेवारी किंवा १ जून असते, म्हणजे अंदाजाची. वय पाच-सात वर्षांनी चुकलं की माणूस एका गटातून दुसऱ्यात जातो आणि निकालच बदलतो. इथे इतिहास कामाला येतो. "सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शनच्या वेळी तुम्ही केवढे होतात?" "१९७२ च्या दुष्काळात तुमची मुलं केवढी होती?" "किल्लारीच्या भूकंपाआधी नातू झाला होता का?" अशा घटनांची यादी करून वय काढायची पद्धत जगभर मान्य आहे. मराठवाड्याची यादी तुम्ही स्वतः बनवा, ती परिशिष्टात जोडा.

तिसरी गोष्ट म्हणजे पायांमागची स्थानिक कारणं. लातूर-धाराशिव भागात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. दगडी भिंती आणि मातीचं माळवद अंगावर पडून हजारो गेले, हजारो जखमी झाले. तेव्हा तिशीत असलेले आज साठी ओलांडून गेलेत. एखाद्या आजोबांचं लंगडणं वयाचं की त्या पहाटेचं, हे विचारल्याशिवाय कळणार नाही. पुनर्वसनाची नवी गावंही रुंद रस्त्यांची आणि पसरट, म्हणजे रोजचं चालण्याचं अंतर बदललेलं. इकडे नांदेड जिल्ह्यात किनवटसारख्या भागात भूजलात फ्लोराइडचा प्रश्न आहे. फ्लोराइडमुळे हाडं-सांधे ताठ होतात. भारतात याचं वर्णन १९३७ मध्ये नेल्लोर भागातून पहिल्यांदा झालं. गुडघे न वाकवता पायाची बोटं धरणं, हनुवटी छातीला लावणं, हात डोक्यामागे नेणं, या साध्या हालचालींवरून त्याचा प्राथमिक संशय घेतात. अशा गावात कमी गुण आले तर 'वार्धक्य' लिहून मोकळं होऊ नका, पाण्याचा अहवालही बघा.

चौथी आणि सगळ्यात मोठी अडचण नमुन्याची. ग्रामपंचायतीत किंवा मंदिरात शिबिर लावलं की कोण येतं? ज्याला चालत येता येतं तो. म्हणजे चालणं मोजायच्या अभ्यासात चालता न येणारेच गळतात. निकाल छान येतात आणि खोटे असतात. गुरालनिक यांच्या गटानं ८ फुटांचं अंतर का घेतलं ते आता पुन्हा आठवा, आणि घरी जा.

आराखडा लिहिण्याआधी

काही गोष्टी वहीत लिहून ठेवा.

एक, मूळ चाचणी मोडू नका. खुर्चीची चाचणी आहे तशीच करा आणि जमिनीवरून उठण्याची नोंद वेगळ्या रकान्यात घ्या. खुर्चीऐवजी बाज वापरून 'प्रमाणित चाचणी केली' असं लिहिलं तर तुलना कुणाशीच करता येत नाही.

दोन, खुर्चीची उंची, पायात चप्पल होती की नव्हती, नऊवारी लुगडं की साडी, काठी वापरली का, फरशी की शेणाने सारवलेली जमीन, हे सगळं नोंदवा. निकालाचा अर्थ यावरच ठरतो.

तीन, दिवस निवडा. सोयाबीनची काढणी चालू असताना थकून आलेल्या माणसाचे पाय आणि उन्हाळ्यातल्या रिकाम्या दुपारचे पाय सारखे नसतात.

चार, शेजारी माणूस उभा ठेवा. चाचणी करताना कुणी पडलं तर तुमच्या प्रबंधाची किंमत एका मोडलेल्या खुब्याएवढी होईल. नैतिकता समितीची परवानगी आणि आजीला समजेल अशा मराठीत संमतीपत्र, दोन्ही आधी.

पाच, निकाल परत द्या. "आजी, तुमचे पाय जरा कमजोर झालेत, रोज सकाळी बाजेवरून दहा वेळा उठा-बसा, सून शेजारी असताना," एवढं सांगायला प्रबंध पूर्ण व्हायची वाट बघावी लागत नाही. गुण फारच कमी असतील तर जवळच्या आरोग्य केंद्राची चिठ्ठी द्या.

आणि मुलाखतीत तो प्रश्न आला, "हीच चाचणी का?", तर असं सांगून बघा: "ही १९९९ मध्ये अमेरिकेत तयार झाली, कारण आधीच्या चाचणीत कमजोर माणसांना आकडाच मिळत नव्हता. ती खुर्चीवरची आहे, माझे लोक जमिनीवर बसतात, म्हणून मी जमिनीवरून उठण्याची नोंद वेगळी घेणार आहे, आणि शिबिर न लावता घरोघरी जाणार आहे." पुढचा प्रश्न बहुधा नमुन्याच्या संख्येवर येईल. त्याबद्दल पुढच्या लेखात बोलू.